नॉर्थ नॉरफोकच्या किनाऱ्यावर जीपी ट्रेनिंग: शेवटचं वर्ष इथे काढावं का?

पुण्या-मुंबईहून, नागपूर-औरंगाबादहून इकडे इंग्लंडात जीपी (फॅमिली डॉक्टर) ट्रेनिंगला येणारी ज्युनिअर मंडळी मला सारखी एकच गोष्ट विचारतात, की प्रेफरन्स (कुठलं पोस्टिंग आधी हवं त्याची क्रमवार यादी) भरताना समुद्रकाठचं, धड गाव नाही धड शहर नाही असं पोस्टिंग वर टाकू का खाली ढकलू. तर उत्तर आधीच देऊन टाकते, वर टाका. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते. प्रॅक्टिसचं, म्हणजे दवाखान्याचं, नाव लिहीत नाहीये, कारण छोटी वस्ती आहे, पेशंट लगेच ओळखू येतात, आणि खाली जे किस्से आहेत त्यातले तपशीलही त्यासाठी बदललेत.

जागा कुठली तर इंग्लंडच्या पूर्वेला क्रोमर, शेरिंगहॅम, वेल्स-नेक्स्ट-द-सी ही गावं आहेत तो जो वरचा किनारा आहे ना, त्या पट्ट्यात. खेकड्यांच्या होड्या, शेतं, उन्हाळ्यात कॅराव्हॅनवाले टुरिस्ट आणि बाकी वर्षभर रिटायर झालेली माणसं. २०२१च्या जनगणनेत अख्ख्या इंग्लंड आणि वेल्समध्ये ६५च्या वरच्या लोकांचं प्रमाण सगळ्यात जास्त नॉर्थ नॉरफोकमध्ये निघालं, जवळजवळ तीनातला एक माणूस. हा एक आकडा लक्षात ठेवला की इथलं काम कसं असणार हे निम्मं कळलं.

ज्यांना सिस्टीम माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन, जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, पण इथे नुसत्या एमबीबीएसवर दवाखाना टाकता येत नाही, ३ वर्षांचं वेगळं ट्रेनिंग आहे, एसटी१ ते एसटी३, त्यात काही काळ हॉस्पिटलमध्ये आणि शेवटचं वर्ष पूर्ण प्रॅक्टिसमध्ये. हे सक्तीचं होऊन आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. आपल्याकडे डीएनबी फॅमिली मेडिसिन ही पुढची पदवी आहे पण किती जण त्याला मनापासून जातात ते आपल्याला माहितीये. मला तर ओपीडीत दिवसाला शंभर पेशंट बघून आपण सगळं शिकलोय असं वाटायचं, रत्नागिरीकडे पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाँडची सक्तीची नोकरी केली होती, आणि वेग चांगला होता माझा. इथे आल्यावर पहिले काही आठवडे एका पेशंटला अर्धा तास मिळाला, मग वीस मिनिटं, मग पंधरा, आणि त्या अर्ध्या तासाचं करायचं काय हेच सुरुवातीला कळेना असं बऱ्याच जणांचं होतं. ते शिकवणारं कुणी असेल तर ट्रेनिंग, नाहीतर नुसती नोकरी.

आणि या प्रॅक्टिसचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट तोच, शिकवतात. हे ऐकायला साधं वाटतं पण सगळीकडे असं नसतं हो. रजिस्ट्रारच्या, म्हणजे ट्रेनी डॉक्टरच्या, आठवड्यात अर्ध्या-अर्ध्या दिवसाची १० सेशन असतात, त्यातली ७ पेशंटची आणि ३ शिक्षणाची, कागदावर सगळीकडे हेच असतं, पण माझी एक मैत्रीण दुसरीकडे एका मोठ्या प्रॅक्टिसमध्ये होती तिथे तिचा ट्यूटोरियल दर दुसऱ्या आठवड्याला 'आज स्टाफ कमी आहे' म्हणून रद्द व्हायचा आणि ती एकटीच खोलीत बसून पेशंट उपसायची. इथे माझ्या ट्रेनर मॅडमच्या स्वतःच्या लिस्टमध्ये माझ्या डिब्रीफसाठी जागा ब्लॉक केलेली असते, सकाळचं सर्जरी संपलं की (सर्जरी म्हणजे ऑपरेशन नाही, ओपीडीला इथे सर्जरी म्हणतात, घरच्यांना फोनवर सांगताना जपून) त्यांच्या खोलीत जायचं आणि प्रत्येक पेशंटबद्दल बोलायचं. रिसेप्शनवाल्यांनाही माहीत असतं की त्या स्लॉटमध्ये पेशंट घुसवायचा नाही. ही शिस्त ज्या प्रॅक्टिसमध्ये आहे तिथे डोळे मिटून जा.

एक उदाहरण देते म्हणजे शिकवणं म्हणजे काय ते कळेल. खेकडे आणि मासे हाताळणारा एक माणूस बोट सुजलं म्हणून आला, मी बघितलं, सेल्युलायटिस (त्वचेचा साधा जंतुसंसर्ग) वाटला, फ्लुक्लॉक्सासिलिन हे अँटिबायोटिक टाइप करायला घेतलं आणि ट्रेनरना सहज दाखवायला बोलावलं. त्यांनी बोटाकडे बघायच्या आधी विचारलं, काम काय करता. मग मला म्हणाल्या रंग नीट बघ, लाल आहे का जांभळा. जांभळट होता, कडा अगदी आखल्यासारखी, पू नाही, ताप नाही, पण दुखणं मात्र सुजेच्या मानाने कितीतरी जास्त. इरिसिपेलॉइड. मासे, खेकडे, मांस हाताळणाऱ्यांना काटा किंवा नांगी लागून होतं, जंतूचं नाव इरिसिपेलोथ्रिक्स, औषध साधं पेनिसिलिन. पुस्तकात दोन ओळी असतात याच्यावर, मी वाचल्याही असतील, पण बोट समोर धरून, रंग आणि कडा दाखवून, आणि 'काम काय करता' हा प्रश्न पहिला का विचारायचा हे सांगून कुणी शिकवलं नव्हतं. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराच्या बाजूने येणारे असे किती हात मी पाच दिवसांच्या ऑगमेंटिनवर पाठवले असतील, त्यातले बरेही झाले असतील, पण बघणं निराळं आणि ओळखणं निराळं. ट्रेनर मॅडमकडे असल्या किनाऱ्यावरच्या आजारांची एक फाइलच आहे, सील चावल्यावर बोट सुजतं त्याला डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लागतं (याच किनाऱ्यावर ब्लेकनीला सीलची मोठी वसाहत आहे, हिवाळ्यात पिल्लं होतात), वीव्हर हा विषारी काट्यांचा मासा पायाखाली आला की पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात निदान अर्धा तास बुडवायचा, शेतातून आलेल्याच्या अंगावरचं गोल चकंदळ म्हणजे टिक (गोचीड) चावून झालेला लाइम आजार आहे का बघायचं, आणि जन्मभर होडीवर किंवा ट्रॅक्टरवर उन्हात काढलेल्या म्हाताऱ्यांचे कान, टाळू, नाक दर वेळी नजरेखालून घालायचं, कशासाठीही आलेला असो. स्किन कॅन्सर असे आयते सापडतात इथे.

पण खरं शिक्षण होम व्हिजिटमध्ये आहे, याबद्दल जरा जास्त लिहिते. शहरातल्या प्रॅक्टिसमध्ये होम व्हिजिट फार कमी झाल्यात, इथे म्हाताऱ्या माणसांना बस नाही, गाडी चालवणं सुटलंय, मग आपल्यालाच जावं लागतं. एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, बीपी काही केल्या कंट्रोल होत नाही, प्रत्येक पत्रात लिहिलंय डोस वाढवा, तिसरं औषध सुरू करा. घरी गेले, बीपी घेतलं, जास्तच होतं. काहीतरी लिहायला पेन हवं होतं म्हणून आजींनी किचनचा ड्रॉवर उघडला आणि आत ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीची खोकी, न फोडलेली, एकावर एक नीट रचून ठेवलेली. रागवायचं नाही हे मला एव्हाना कळलं होतं. विचारलं. त्या म्हणाल्या ती गोळी घेतली की पाय सुजतात, बूट चढत नाही, आणि बूट चढला नाही तर चर्चला चालत जाता येत नाही, आठवड्यातनं तेवढ्याच वेळी चार माणसं भेटतात. आणि डॉक्टरना सांगितलं का नाही तर, तुम्ही सगळे इतके कामात असता, कशाला त्रास द्यायचा. गोळी बदलली, पुढच्या भेटीत बीपी खाली आलं होतं. आता बघा, ओपीडीत बसून ही केस सुटली नसती, तिसरं औषध सुरू झालं असतं, चौथं झालं असतं, कदाचित कार्डिओलॉजीला रेफरलही गेलं असतं.

परत त्याच आजींना मीच भेटले हे महत्त्वाचं. इथे रजिस्ट्रारला स्वतःची अशी छोटी लिस्ट देतात, आज बघितलेला पेशंट महिन्याने परत आपल्याकडेच बुक करतात, रिपोर्ट आपल्याच इनबॉक्समध्ये येतो. मोठ्या प्रॅक्टिसमध्ये आज तू, उद्या लोकम (बदली डॉक्टर), परवा फार्मासिस्ट असं चालतं आणि आपण घेतलेला निर्णय बरोबर होता का चूक हे कधी कळतच नाही. नॉर्वेतला एक मोठा अभ्यास आहे, ४५ लाख लोकांचा, २०२२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये आलेला, ज्यांचा एकच जीपी १५ वर्षांहून जास्त आहे त्यांच्यात एक वर्षाच्या ओळखीवाल्यांच्या तुलनेत हॉस्पिटल ॲडमिशन आणि मृत्यूची शक्यता साधारण पाव हिश्श्याने कमी दिसली. आपल्या आजोबांच्या पिढीला हे कुणी सांगायची गरज नव्हती, घरचा डॉक्टर ठरलेला असायचा, पण ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट अनुभवायला मिळणं आता दुर्मिळ होत चाललंय. मला विचाराल तर प्रॅक्टिस निवडताना बाकी सगळं बाजूला ठेवून हा एकच प्रश्न विचारा, मी बघितलेला पेशंट मला परत दिसेल का.

म्हातारी माणसं जास्त म्हटल्यावर शेवटच्या आजारपणाच्या गोष्टी पण बोलाव्या लागतात, आणि हे आपल्यासारख्यांना सगळ्यात जड जातं. आपल्याकडे मुलगा बाहेर बोलावून सांगतो, डॉक्टर, बाबांना काही सांगू नका. इथे आधी बाबांशीच बोलायचं. हृदय बंद पडलं तर सीपीआर हवा का, हॉस्पिटलमध्ये जायचंय का घरीच राहायचंय, हे रिस्पेक्ट नावाच्या फॉर्मवर लिहायचं असतं. दर आठवड्याला केअर होमचा राऊंड असतो तिथे ट्रेनरना मी हे बोलताना बघितलं, त्या फॉर्म काढतच नाहीत आधी, खुर्ची जवळ ओढतात आणि विचारतात, दिवस बरा गेला असं तुम्हाला कधी वाटतं. एकजण म्हणाले खिडकीतनं समुद्र दिसला की. मग पुढचं सगळं त्यावरून आपोआप ठरत गेलं, त्यांना हॉस्पिटलच्या आतल्या वॉर्डमध्ये जायचं नव्हतं. हे मी कुठल्याच कोर्समध्ये शिकले नसते.

प्रॅक्टिसची स्वतःची डिस्पेन्सरी आहे हा अजून एक फायदा. ग्रामीण भागात ज्यांचं घर फार्मसीपासून १.६ किलोमीटरच्या पलीकडे आहे त्यांना प्रॅक्टिसच औषध देऊ शकते, असा नियम आहे, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांसारखं, कंपाउंडर खिडकीतून पुडी द्यायचा तसं. त्यामुळे डिस्पेन्सरीतल्या बायका थेट येऊन सांगतात की अमक्यांनी तीन महिन्यांत इनहेलर उचललाच नाहीये, किंवा हे औषध सध्या मिळत नाहीये, दुसरं लिहा. किंमतीही कळतात. पेशंटला इंग्लंडात एका औषधामागे ९.९० पौंड पडतात, साठीच्या पुढे फुकट, त्यामुळे इथे बहुतेकांना फुकटच.

आता परीक्षेचं. एमआरसीजीपी म्हणजे जीपी होण्यासाठी पास व्हावी लागणारी परीक्षा, तिचा एससीए हा पेशंटशी बोलण्याची तपासणी करणारा भाग २०२३च्या नोव्हेंबरपासून सुरू झाला, प्रॅक्टिसमध्येच बसून कॉम्प्युटरवर द्यायचा, १२ केस, प्रत्येकी १२ मिनिटं. आपल्या लोकांना इथेच अडतं. परदेशात शिकलेल्यांचा पास रेट इथल्या पदवीधरांपेक्षा कायम बराच कमी राहिलाय, यावरून बापिओ या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने आधीच्या सीएसए परीक्षेवर केसही केली होती, २०१४ साली कोर्टाने परीक्षा कायदेशीर ठरवली, केस हरली, पण निदान हा विषय उघडपणे बोलला जायला लागला. इथल्या ट्रेनरना हे माहीत होतं आणि त्यांनी पहिल्या आठवड्यापासून माझ्या कन्सल्टेशनचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली (पेशंटची लेखी परवानगी घेऊन). इंग्लिश चांगलं आहे का हा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता मी पेशंटला पहिलं वाक्य पूर्ण करू देते का, आणि शेवटी 'असं करा' म्हणून मोकळी होते का 'असं केलं तर जमेल का' विचारते. हे कुणीतरी प्रेमाने, पण न चुकता, दर आठवड्याला दाखवत राहिलं पाहिजे. इथे दाखवतात.

तरीपण परीक्षेच्या दृष्टीने इथली एक कमी सांगितलीच पाहिजे. लहान मुलं, गरोदर बायका, तरुण लोक, वेगवेगळ्या देशांतले पेशंट हे इथे कमी. केसमिक्स एका बाजूला झुकलेलं आहे. मी ट्रेनरना सांगून काही दिवस शहरातल्या एका प्रॅक्टिसमध्ये बसण्याची सोय करून घेतली, त्यांनी लगेच हो म्हटलं, पण मागावं लागतं, आपोआप होत नाही. तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मागा.

अर्धा स्टार कापला तो याच्यामुळे नाही, राहण्यामुळे. घर मिळणं महाकठीण. या पट्ट्यातली निम्मी चांगली घरं लंडनवाल्यांची सेकंड होम किंवा हॉलिडे लेट (टुरिस्टांना भाड्याने द्यायची घरं) आहेत, हिवाळ्यात अख्खी गल्ली अंधारात असते आणि तरी भाड्याने काही नाही. नवरा किंवा बायको शहरात नोकरी करत असेल तर नॉरिचच्या बाजूला राहून ये-जा करा, बरेच जण करतात. ट्रेन आहे, नॉरिच ते शेरिंगहॅम, पण स्टेशनपासून पुढे व्हिजिटला कसं जाणार, गाडी हवीच. भारतीय लायसन्सवर पहिले १२ महिने चालवता येतं, त्या आत इथली टेस्ट काढा, टेस्टच्या तारखा लवकर मिळत नाहीत. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपण, हिवाळ्यात शुगर बीटचे ट्रक आणि पुढे ट्रॅक्टर. मोठं हॉस्पिटल म्हणजे नॉरफोक अँड नॉरिच, क्रोमरहून चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे छातीत दुखणारा पेशंट समोर असताना ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ईसीजी, ॲस्पिरिन, लागलाच तर ऑक्सिजन, नातेवाइकांना धीर हे सगळं आपणच, आणि घाबरायला होतं, पण वर कुणीतरी सिनिअर कायम बिल्डिंगमध्ये असतो, मला कधीच एकटं सोडलेलं नाही.

एकटेपणाचं काय, तो आहे. कढीपत्ता नाही, गणपतीला कोण नाही, नॉरिचला गेल्याशिवाय भारतीय दुकान नाही. नोव्हेंबरात चार वाजता काळोख आणि वारा असा की दार उघडत नाही. ज्यांना माणसं लागतात त्यांनी हे गंभीरपणे घ्या. दातांचे डॉक्टर पण या भागात मिळत नाहीत, पेशंट दाढदुखी घेऊन आपल्याकडे येतात आणि आपल्याला फारसं काही करता येत नाही, स्वतःचे दात भारतातून नीट करून या.

आणि ऑगस्ट. ऑगस्टमध्ये वस्ती फुगते, कॅराव्हॅन पार्क भरलेले, टेम्पररी रेसिडेंट म्हणून रजिस्टर होणारे टुरिस्ट, कुणाची इन्सुलिन घरी राहिली, कुणाच्या मुलाच्या बोटात खेकडे पकडायचा हूक, कुणी फेफरं येऊन बीचवर पडलेला. नेमकं ऑगस्टमध्येच नवीन रजिस्ट्रार जॉइन होतात. पण ड्युटी डॉक्टरसोबत बसवतात, एकट्याला नाही.

तरी मी वर टाका का म्हणतेय, तर एक अजून कारण आहे. २०२१मध्ये इंग्लंडचे चीफ मेडिकल ऑफिसर क्रिस व्हिटी यांनी आपला वार्षिक रिपोर्ट खास समुद्रकाठच्या वस्त्यांवर काढला होता, की सुट्टीच्या फोटोत सुंदर दिसणाऱ्या या जागांवर आजार जास्त आणि डॉक्टर कमी आहेत, ट्रेनी डॉक्टर तर दरडोई सुमारे १५ टक्क्यांनी कमी. वेल्समधले जीपी ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ सालीच लिहून ठेवलं होतं की जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी पोचते. आणि अशा न आवडत्या जागा १९६०-७०च्या काळात कुणी भरल्या, तर भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांनी, त्यात आपली मराठी माणसंही होती. इथल्या म्हाताऱ्या पेशंटना भारतीय डॉक्टरचं नवल वाटत नाही, उलट त्यांची आई ज्यांच्याकडे जायची त्या डॉक्टरांची आठवण सांगतात. मला याचा फार अभिमान वाटतो.

पैशाचं म्हणाल तर भरायला अवघड असलेल्या जागांसाठी २०१६पासून २० हजार पौंड एकरकमी देण्याची योजना होती, आता तुमच्या वर्षी, तुमच्या जागेला ती आहे का हे अर्ज करताना नीट तपासा, कुणाच्या ऐकीव सांगण्यावर जाऊ नका. व्हिसाचंही तसंच, ट्रेनिंगभर स्पॉन्सर वेगळा असतो पण नंतर प्रॅक्टिसला स्वतःचं स्पॉन्सर लायसन्स लागतं, छोट्या प्रॅक्टिसकडे ते बहुतेकदा नसतं, मुलाखतीलाच विचारा. आमच्या इथे मी विचारल्यावर त्यांनी प्रक्रिया सुरू केली, प्रॅक्टिस मॅनेजर बाईंनी स्वतः बसून फॉर्म भरले.

प्रेफरन्स भरायच्या आधी एकदा जाऊन या, पण मे ते सप्टेंबर सोडून. फेब्रुवारीत जा, गाडीने जा, दुपारी डिब्रीफच्या वेळेला पोचा आणि आत्ताच्या रजिस्ट्रारशी ट्रेनर समोर नसताना बोला. त्याला किंवा तिला विचारा की गेल्या महिन्यात किती ट्यूटोरियल रद्द झाले. आणि घर शोधायला मार्चपासूनच लागा, ईस्टरनंतर जे काही असतं ते सगळं टुरिस्टांना जातं.